पाचवी जागा आणि स्लो सायकलिंग

आमच्या कॉलेजच्या पन्नास वर्षांतले पाच सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडायचं काम आयर्लंडमधल्या तीन डॉक्टरांकडे का यावं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल, तर तुम्ही आमच्या माजी विद्यार्थी संघाला ओळखत नाही. अमेरिकेच्या शाखेला वेळ नव्हता. इंग्लंडच्या शाखेचे गेल्या वर्षी संमेलनाच्या जेवणात श्रीखंड की बासुंदी यावरून दोन तुकडे झाले, आणि दोन्ही तुकडे स्वतःला अधिकृत म्हणवतात. उरलो आम्ही. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचा संपादक गुरुनाथ, म्हणजे एकेकाळचा माझा रूममेट आणि आता स्वतःच्या नर्सिंग होमचा मालक, याने व्हॉइस मेसेज पाठवला, "रव्या, तुम्हा लोकांना तिकडे पावसात काही उद्योग नसतो. पंधरा दिवसांत पाच नावं पाठवा. फोटोसकट."

मी नावन गावच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. लोकांना शांतपणे झोपवणे आणि वेळेवर उठवणे हा माझा उद्योग. पण तो गुरुनाथला उद्योग वाटत नाही, कारण तो सर्जन आहे. कॉलेजचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सध्या माझे आणि कॉलेजचे संबंध नाजूक आहेत.

निवड समितीत आम्ही तिघं. अध्यक्षा डॉक्टर उल्का, राहणार ब्लँचर्डस्टाउन. त्या आम्हाला दोन वर्षं सीनियर. मेडिकल कॉलेजात एकदा सीनियर तो मरेपर्यंत सीनियर, त्यामुळे सत्तेचाळीस वर्षांचा मी अजूनही त्यांना मॅम म्हणतो आणि त्या उभ्या असल्या तर बसत नाही. दुसरा अंबरीश, माझ्याच बॅचचा. यानं पेशंट बघणं सोडून कॉर्कजवळच्या रिंगास्किडीत एका औषध कंपनीत नोकरी धरली. आता तो दर वाक्यात 'प्रोसेस' हा शब्द वापरतो. आणि तिसरा मी.

पहिली सभा मॅमच्या घरी, साबुदाण्याच्या खिचडीवर झाली. पहिली चार नावं चार मिनिटांत ठरली. एक भालाफेकवाला, एक पैलवान, एक खो-खोचा कॅप्टन, आणि लांब उडीत विद्यापीठाचं सुवर्णपदक मिळवलेल्या डॉक्टर उल्का. पहिल्या तिघांना विरोध झाला नाही कारण ते तिथे नव्हते. चौथ्या नावाला झाला नाही कारण त्या तिथे होत्या.

पाचव्या जागेला मी घसा साफ केला. "सलग तीन वर्षं गॅदरिंगमध्ये सायकल स्पर्धेत पहिला आलेला एक खेळाडू आहे," मी म्हणालो. "नाव घेणं बरं दिसत नाही."

"स्लो सायकलिंग," अंबरीश म्हणाला.

आता ज्यांनी कॉलेजचं गॅदरिंग पाहिलं नाही त्यांना सांगतो. स्लो सायकलिंगमध्ये तीस मीटरची आखलेली पट्टी असते. पाय टेकायचा नाही, पट्टी सोडायची नाही, मागे यायचं नाही, आणि रेषा सगळ्यात शेवटी ओलांडेल तो जिंकला. वेगात जाणं कुणालाही जमतं, उतार असला की झालं. सायकलवर बसून न जाणं याला मांड्या लागतात, पाठीचा कणा लागतो आणि अपार संयम लागतो. पण हे लोकांना पटवायला गेलं की ते हसतात. लोकांचं काय.

माझा जीव या पाचव्या जागेत का अडकला होता, तेही सांगून टाकतो. माझी मुलगी रुचा तेरा वर्षांची आहे आणि गावातल्या क्लबात कॅमोगी खेळते. हातात हॉकीसारखी काठी, डोक्यावर जाळीचं शिरस्त्राण, आणि पंधरा-पंधरा मुली एकमेकींच्या अंगावर धावून जातात, असा हा खेळ. रुचा राखीव. या मोसमात पाच सामने झाले, पाचही तिनं बाकावर बसून पाहिले. वसंतात एकदा गाडीत मी तिला थोडं प्रोत्साहन द्यायला गेलो, तर ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "डॅड, नो ऑफेन्स, बट यू नो नथिंग अबाउट स्पोर्ट."

माणसाचा स्वाभिमान असतो. मी म्हणालो, "मी कॉलेजात सलग तीन वर्षं सायकलिंगचा चॅम्पियन होतो." वाक्य शंभर टक्के खरं होतं. फक्त एक शब्द आत राहून गेला.

तिनं मान वळवून माझ्याकडे जसं पाहिलं, तसं तिनं चौथीनंतर कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं ते टीमला सांगितलं, मग कोचला, मग शाळेत. कोचनं मला मैदानाबाहेर गाठून हात दाबला. मी खरं सांगणारच होतो, दर रविवारी ठरवत होतो. पण रुचा माझ्याशी खेळाबद्दल बोलायला लागली होती. आपल्या पायांत दम कमी का पडतो हे ती मला विचारायची, आणि मी उत्तरंही द्यायचो. ते बंद व्हायला नको होतं. एकदा माझं नाव छापून आलं, पाच सर्वश्रेष्ठांत, खाली 'सायकलपटू' एवढंच, की खोटं न बोलता सगळं निभावलं असतं. माझी बायको स्वरांगी म्हणाली, "त्यापेक्षा एक वाक्य बोलून मोकळा हो ना." तिला खेळातलं कळत नाही.

तर अंबरीश. तो तिन्ही वर्षं दुसरा आला होता. पंचवीस वर्षांत त्यानं मला दोनदा घर हलवायला मदत केली, रुचा झाली तेव्हा डब्लिनच्या हॉस्पिटलात रात्रभर थांबला, पण ती दुसरी जागा काही त्याच्या डोक्यातून गेली नाही.

"दोन हजार सालच्या फायनलला याचा डावा पाय टेकला होता," तो मॅमना म्हणाला. "पंच कोण होता? गुरुनाथ. याचा रूममेट. ही काय प्रोसेस झाली?"

"पाय टेकला नव्हता. बूट सैल होता, तो लोंबत होता."

"आणि मॅम, तिन्ही वर्षं यानं सायकल कुणाची चालवली? माझी. याच्याकडे सायकल नव्हतीच. मी जी भाड्यानं आणली ती डुगडुगत होती. म्हणजे निम्मं श्रेय माझं."

मॅमनी खिचडीतला दाणा बाजूला काढला. "दोघंही कागद आणा," त्या म्हणाल्या. "साक्षांकित."

आता साक्षांकित म्हणजे काय, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. प्रत काढायची, राजपत्रित अधिकारी शोधायचा, तो चहा घेईपर्यंत बाहेर बाकावर बसायचं, गोल शिक्का. इथे ते काम पीस कमिशनर करतो म्हणे. चौकशी करत गेलो तर आमच्या भागातला पीस कमिशनर एका हार्डवेअरच्या दुकानात बिजागऱ्या मोजत होता. त्यानं माझं प्रमाणपत्र उलटंसुलटं केलं. "यात काय लिहिलंय?"

"की मी सायकल स्पर्धेत पहिला आलो."

"हे तू म्हणतोस."

"मग कोण म्हणणार? मराठी मलाच येतं."

त्यानं बराच विचार केला. मग एका स्वच्छ कागदावर लिहून दिलं की आज माझ्यासमोर एका गृहस्थानं मला न येणाऱ्या भाषेतला एक कागद ठेवला आणि तो कागद खरोखरच कागद आहे. खाली सही आणि शिक्का. मला वाटलं, झालं, आता हसं होणार. पण शिक्का गोल होता. मॅमनी तो उजेडात धरून पाहिला आणि फाइलला लावला. अंबरीशनं कॉर्कहून सायकल खरेदीची पावती आणली, अठ्ठ्याण्णव सालची. पंचवीस वर्षं तीन देशांत जो माणूस सायकलची पावती सांभाळतो, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

कॉलेजच्या ऑफिसाला मूळ रजिस्टर विचारलं. उत्तर आलं की सदर रजिस्टर जिमखान्याच्या कपाटात असून कपाटाची किल्ली सेवानिवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याकडे आहे, तरी कर्मचाऱ्याचा पत्ता अर्जदाराने कळवावा.

हे सगळं मी एका संध्याकाळी आमच्या शेजाऱ्याला, डेक्लनला, कुंपणावरून सांगितलं. डेक्लन सत्तरीचा आहे, क्लबाच्या कमिटीवर चाळीस वर्षं आहे आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला आला की पाऊण तास थांबतो. मला वाटलं तो हसेल. तो गंभीर झाला.

"आमच्याकडे एकोणीसशे एकोणपन्नासचा सर्वोत्तम गोलकीपर कोण, यावरून दोन सख्खे भाऊ अजून बोलत नाहीत," तो म्हणाला. "एक वारलाय, तरी बोलत नाहीत. पण सायकल त्याची होती हा मुद्दा तुला जड जाणार. या काउंटीत रेस जिंकली की लोकांना घोड्याचं नाव आठवतं. जॉकी कोण, ते विचारावं लागतं."

"मग काय करू?"

"निकालावर भांडण असेल तर सामना परत खेळायचा. क्लबाचा कार पार्क शनिवारी सकाळी रिकामा असतो. ग्रँड."

मी एवढंच बघितलं की त्या शनिवारी रुचाची मॅच बाहेरगावी होती. म्हणजे ती तिथे नसणार. मी हो म्हणालो. अंबरीश तर फोनवर एवढा खूश झाला की त्यानं प्रोसेस हा शब्दही वापरला नाही.

पण या देशात कार पार्कमध्ये दोन मध्यमवयीन माणसांना सायकलवर हळू बसायचं असेल तर सहा पानांचा फॉर्म भरावा लागतो. अपेक्षित कमाल वेग किती, या रकान्यात मी 'शक्य तितका कमी' लिहिलं, तर क्लबाच्या सेफ्टी ऑफिसरचा फोन आला. बाई प्रेमळ होत्या, पण हरण्याला जिंकणं म्हणतात हे त्यांना दोनदा सांगूनही पटेना. विमा कंपनीला काय सांगू, म्हणाल्या. शेवटी आम्ही दोघांनी हेल्मेट आणि चमकणारी पिवळी जाकिटं घालायची, आणि वैद्यकीय मदत हजर ठेवायची, या अटीवर परवानगी मिळाली. वैद्यकीय मदत म्हणून आम्ही आमच्या तिघांचीच नावं दिली. दोन डॉक्टर स्पर्धक, तिसऱ्या पंच.

मी आठवडाभर पहाटे गॅरेजमध्ये सराव केला. शेजारपाजारी सल्ले यायला लागले. समोरच्या घरातला प्लंबर म्हणाला, टायरमधली हवा कमी कर. डेक्लनची बायको म्हणाली, पोट रिकामं ठेव. स्वरांगी म्हणाली, "हॉस्पिटलला निघताना जसा आवरतोस, तसाच जा. कुणी हरवणार नाही."

शनिवारी सकाळी पाऊस थांबला होता. डेक्लननं मैदानाच्या रेषा मारायच्या यंत्रानं दोन पट्ट्या आखल्या होत्या, आणि कुणी सांगितलेलं नसताना फाटकाला एक पोस्टरही लावलं होतं. स्वरांगीनं फोन एका डब्याला टेकवून ठेवला. फोनमध्ये गुरुनाथ होता, गळ्यात स्टेथोस्कोप घालून, अधिकृत निरीक्षक म्हणून. प्रेक्षक साधारण पंधरा. आयर्लंडमध्ये शनिवारी अकराला कोरडं असेल तर लोक कशालाही येतात.

मॅमनी शिट्टी फुंकली आणि आम्ही निघालो. निघालो म्हणजे, होतो तिथेच राहिलो.

ते वर्णन करणं अवघड आहे. पहिल्या मिनिटात मी दोन मीटर गेलो, अंबरीश तीन. शरीर विसरलेलं नव्हतं. हँडल किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे, पाय पेडलवर अर्धवट तोललेले, नजर पुढच्या चाकापलीकडे. मांड्या थरथरत होत्या, पण मन एकदम निवांत. डेक्लन चहा आणायला गेला, घेऊन आला, अर्धा प्यायला आणि शेजारच्याला म्हणाला, "सुरू झालं का?" सहा मिनिटं होत आली तेव्हा आम्ही अठराव्या मीटरवर होतो आणि अंबरीश माझ्यापुढे दोन फूट. म्हणजे मी जिंकत होतो. त्याचं हँडल वेडंवाकडं व्हायला लागलं होतं, कपाळावर घाम. तो फार तर आणखी अर्धं मिनिट धरणार, हे मला कळलं होतं. पाचवी जागा माझी होती.

तेवढ्यात मागच्या फाटकातून क्लबाची मिनीबस आत आली. बाहेरगावचं मैदान रात्रीच्या पावसानं पाण्यात गेलं होतं, मॅच रद्द. दार उघडलं आणि काठ्या घेतलेल्या सगळ्या मुली खाली उतरल्या.

मान वळवता येत नव्हती, पण कान मोकळे होते. एक मुलगी म्हणाली, "इज दॅट युअर डॅड? द चॅम्पियन?"

 मला डोळ्यांच्या कोपऱ्यातून रुचा दिसली. तिच्यासमोर तिचा चॅम्पियन बाप पिवळं जाकीट घालून जागच्या जागी डुलत होता, आणि अंबरीशकाका त्याच्या पुढे होता. तिनं आधी मैत्रिणींकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे. दुसरी कुणीतरी हळूच हसली. मला वाटलं ती आता बसमध्ये परत जाऊन बसेल. तिच्या जागी मी गेलो असतो.

ती पट्टीच्या अगदी कडेला आली आणि घसा फाटेपर्यंत ओरडली, "कम ऑन, डॅड! यू कॅन कॅच हिम! गो ऑन!"

आणि मग तिच्या त्या सगळ्या मैत्रिणीही ओरडायला लागल्या.

मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. तिन्ही वर्षांच्या तिन्ही फायनलला माझ्यासाठी कुणी ओरडलं नव्हतं. स्लो सायकलिंगला ओरडत नाहीत, जांभया देतात. मला नियम ठाऊक होते, दोन फुटांचा फरक ठाऊक होता, डब्यापाशी कॉलेज बसलं होतं तेही ठाऊक होतं. मी पेडल मारलं. अंबरीशच्या शेजारून गेलो तेव्हा तो "अरे, अरे" म्हणाला. उरलेले बारा मीटर मी चार सेकंदांत कापले आणि रेषेच्या पलीकडे क्लबाच्या हेजमध्ये, म्हणजे झुडपांच्या कुंपणात, जाऊन थांबलो. मुली धावत आल्या. रुचानं मला मागून मिठी मारली. तेरा वर्षांची झाल्यापासून तिनं चारचौघांत माझा हातही धरला नव्हता.

अंबरीश अजून सायकलवरच होता. त्याला रेषा ओलांडणं भागच होतं. पाय टेकला तर तो बाद आणि मी विजयी. अर्ध्या मिनिटात पडणारा तो माणूस त्यानंतर एकटाच, दातओठ खाऊन, अडीच मिनिटं त्या पट्टीवर सायकल चालवत राहिला. मुलींनी अगदी मनापासून टाळ्या वाजवल्या. "गॉड लव्ह हिम," एक म्हणाली, "ही डिडन्ट गिव्ह अप." रेषा ओलांडून तो उतरला. फोनमधून गुरुनाथ ओरडला, "अभिनंदन अंब्या, पाचवी जागा तुझी," पण मराठी कळणारी त्या घोळक्यात फक्त रुचा होती, आणि ती तेव्हा माझं हेल्मेट काढत होती.

मग ती अंबरीशकडे गेली आणि त्याच्या पाठीवर थोपटलं. "हार्ड लक, काका."

अंबरीशनं तोंड उघडलं. पंचवीस वर्षं तो या क्षणाची वाट बघत होता. त्याच्या खिशात सायकलची पावती होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हेजची पानं बाहीवरून झटकत होतो, त्याच्याकडे बघायचं धैर्य नव्हतं. "युअर डॅड," तो इंग्रजीत म्हणाला, सगळ्या मुलींना ऐकू जाईल असं, "वॉज ऑलवेज टू फास्ट फॉर मी."

त्यानं माझ्याबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द, आणि तोही खोटा. मला रडू आलं. मॅमनी वहीत निकाल लिहिला, खाली माझी सही घेतली, आणि पेन परत घेताना म्हणाल्या, "मूर्ख आहेस." मी म्हणालो, "येस, मॅम."

घरी जाताना स्वरांगी गाडी चालवत होती. रुचा मागे बसली होती आणि फाटकातून बाहेर पडताना तिनं ते पोस्टर वाचलं. स्लो सायकल शर्यत, जो शेवटी येईल तो जिंकेल, डेक्लनचं अक्षर मोठं आहे. पहिला चौक आला.

"सो यू लॉस्ट," ती म्हणाली.

"हो."

"अँड द कॉलेज थिंग? थ्री इयर्स?"

"तेही हेच. स्लो. सायकल होती, एवढंच खरं." मी जीव मुठीत धरून बसलो होतो. स्वरांगीनं वायपर लावले, पाऊस नव्हता तरी.

"बट यू वेअर विनिंग. टुडे. बिफोर आय केम."

"दोन फुटांनी."

"देन व्हाय डिड यू गो?"

"तू ओरडलीस म्हणून."

 दुसरा चौक गेला, पेट्रोल पंप गेला. मला वाटलं संपलं, आता कॉलेजला जाईपर्यंत ही माझ्याशी खेळाबद्दल बोलणार नाही. मग तिनं मागून हात पुढे काढला आणि माझ्या कॉलरमध्ये अडकलेलं हेजचं एक पान काढून खिडकीतून टाकलं.

"नेक्स्ट टाइम आय'ल ब्रिंग द होल टीम," ती म्हणाली, "अँड वी'ल ऑल जस्ट शट अप."